फ्रिजपासून बनवलेला स्मोकर: पांढरा धूर, कडू चव आणि न आवरणारं तापमान

स्मोकर म्हणजे मांस मंद आचेवर धुरात शिजवायची पेटी. ती जुन्या फ्रिजपासून बनवली की तक्रार ठरलेली असते. पहिला तासभर सगळं नीट चालतं. मग तापमान १३०–१४० अंश सेल्सिअसच्या घरात जातं, म्हणून हवेची झडप थोडी मिटली जाते. तरी उतरत नाही, म्हणून आणखी मिटली जाते. अर्ध्या तासात धुराड्यातून दाट पांढऱ्या धुराचे लोट निघू लागतात. शेवटी दार उघडावं तर मांसावर काळा, चकचकीत, बोटाला चिकटणारा थर बसलेला असतो. चव कडू, जीभ किंचित बधिर. पुढच्या वेळी लाकूड बदलतात, मसाला बदलतात, ढलप्या भिजवून बघतात, आणि पुन्हा तेच होतं.

यात लाकडाचा दोष क्वचितच असतो. दोष आगीच्या आकारात असतो, आणि त्याचं मूळ फ्रिजच्या घडणीत आहे. फ्रिज उष्णता अडवण्यासाठी बनवलेला असतो. दीड मीटर उंच आणि ६० सेंमी रुंद-खोल पेटीचा पृष्ठभाग धरा सव्वाचार चौरस मीटर. भिंतीत ५ सेंमी जाड काचतंतूंची लोकर असेल आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ९० अंशांनी जास्त असेल, तर भिंतींतून साधारण ४०० वॅट उष्णता बाहेर जाते. तेवढाच डबा उघड्या पत्र्याचा असता तर त्याच्या चार-पाच पट गेली असती. लोखंडी पिंपाच्या स्मोकरसाठी सांगितलेला कोळसा फ्रिजमध्ये घातला की उष्णतेला जायला वाट राहत नाही. तापमान चढतं, आपण हवा तोडतो, आणि मोठी आग कोंडून धुमसायला लागते. कडवटपणा या कोंडलेल्या आगीचा असतो. म्हणून आग पेटवतानाच लहान ठेवायची आणि तिला भरपूर हवा द्यायची. खाली सांगितलेल्या बहुतेक दुरुस्त्या या एकाच गोष्टीकडे येतात.

त्याआधी: तुमचा फ्रिज या कामाचा आहे का

हे तपासल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. आतल्या भिंतीला लोहचुंबक लावा. चिकटला तर आतलं अस्तर पोलादाचं आहे, बहुधा वर एनॅमलचा थर असलेलं. चिकटला नाही तर अस्तर ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं आहे, आणि किल्लीने ठोकून आवाज ऐकला की दोन्हींतला फरक लगेच कळतो. अलीकडच्या जवळपास सगळ्या घरगुती फ्रिजांचं अस्तर प्लॅस्टिकचं असतं आणि भिंतीत पॉलियुरेथेनचा फेस भरलेला असतो. असा फ्रिज गरम धुरासाठी चालत नाही. अस्तर मऊ पडून वाकतं, फेस कुजतो, आणि पेटलाच तर त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. प्लॅस्टिकवर आतून पत्रा ठोकून भागवायचा प्रयत्न बरेच जण करतात. पत्र्यामागे उष्णता पोचतेच, त्यामुळे तोही मार्ग सोडा.

आतल्या दिव्याची बैठक काढली की भिंतीतला थर दिसतो. पिवळसर, बोटाने दाबला तर चुरा होणारा असेल तर तो फेस. लोकरीसारखा असेल तर काचतंतू किंवा खनिज लोकर. ही लोकर ओली, कुजकी किंवा उंदरांनी पोखरलेली निघाली तर काढून नवी दगडी लोकर भरा. ती ६०० अंशांच्या वरही टिकते. पांढरट-करडा, दाट तंतूंचा थर दिसला आणि तो नेमका कशाचा आहे ते ओळखता आलं नाही, तर खरवडू नका. ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो फ्रिज सोडून द्या.

शीतकरणाची नळी स्वतः कापू नका. तिच्यात गारवा आणणारा वायू असतो: जुन्या यंत्रात आर-१२, नव्यात आर-१३४ए किंवा आर-६००ए. यातला शेवटचा म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. वायू तंत्रज्ञाकडून काढून घ्या, मगच कॉम्प्रेसर, नळ्या आणि बर्फाचा कप्पा सोडवा. फ्रिजच्या मूळ जाळ्याही ठेवू नका. जुन्या जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो, आणि तापलेलं कॅडमियम अन्नाला लागणं घातक आहे. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या जाळ्या बसवा. आगीजवळ जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, नळी किंवा बोल्ट वापरू नका. असा मुलामा सलग २०० अंशांपर्यंतच धरून राहतो.

दाराची खटक्याची कडी पहिल्याच दिवशी काढा. जुन्या कड्या आतून उघडत नाहीत आणि लहान मुलं आत अडकून गुदमरतात. याच कारणावरून अमेरिकेत १९५६ साली फ्रिज आतून उघडता आला पाहिजे असा कायदा झाला. कडीच्या जागी बाहेरून ओढून बसणारी साधी पकड लावा. स्मोकर वापरात नसेल तेव्हा दाराला साखळी-कुलूप हवं.

खराबी कुठे आहे ते आधी मोजा

दारावरच्या गोल तबकडीचा भरवसा धरू नका. ती दाराजवळची हवा मोजते आणि १५ ते ३० अंशांनी सहज चुकते. वायरवाला थर्मामीटर घ्या आणि त्याची सळई मांस ठेवतो त्याच जाळीवर, मांसापासून ४–५ सेंमी अंतरावर आणि भिंतीपासून दूर ठेवा. वापरण्याआधी सळई चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून ० अंश दाखवते का पाहा. उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीला १०० अंश दिसायला हवेत. दर ३०० मीटर उंचीमागे साधारण १ अंश कमी धरायचा. तापमान न आवरण्याच्या तक्रारींत चुकीचं मोजमाप अनेकदा निघतं, म्हणून ही पाच मिनिटं वाचवू नका.

मग धूर तपासा. पांढरी चिनीमातीची बशी चिमट्यात धरून धुराड्याच्या तोंडावर एक मिनिट ठेवा. आग स्वच्छ जळत असेल तर बशीवर फिकट पिवळसर, कोरडी झाक येते आणि बोट फिरवलं की निघून जाते. आग कोंडली असेल तर तपकिरी ठिपके उठतात. त्यांना बोट लावलं की मधासारखी तार ओढली जाते, आणि वास ओल्या राखेचा आणि डांबराचा येतो. बशीवर एका मिनिटात जे बसतं, तेच मांसावर सहा तास बसत असतं. नुसत्या डोळ्यांनी पाहायचं तर धुराड्याच्या मागे काहीतरी काळं धरा. चांगला धूर पातळ, निळसर असतो, बऱ्याचदा दिसतही नाही. वासावरूनच कळतो. दिसत नाही म्हणून लाकूड वाढवणं ही नेहमीची चूक.

यामागचं कारण साधं आहे. लाकडाला ताठपणा देणारा घटक, लिग्निन, तापून फुटतो तेव्हा ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी संयुगं तयार होतात, आणि धुराची हवीशी चव व वास मुख्यतः त्यांच्याकडून येतो. साधारण ३०० ते ४०० अंशांना, पुरेशा हवेत हे चांगलं घडतं. हवा कमी पडली की बाकीची जड संयुगं न जळता तशीच वर जातात, थंड होऊन थेंब होतात आणि पहिला थंड, ओला पृष्ठभाग गाठतात. स्मोकरमध्ये सगळ्यात थंड आणि ओली वस्तू मांस असते.

कोळशावर चालणारा फ्रिज

सुरुवात हवेच्या वाटांपासून. २०० ते ३०० लिटरच्या पेटीला खाली २५ मिमीची तीन भोकं पुरतात, सगळी आगीच्या पातळीच्या खाली. दोनांना घट्ट बसणारं झाकण, तिसऱ्याला सरकती झडप. वर ७५ मिमी व्यासाचं, ६० सेंमी उंच पोलादी धुराडं. हिशोब करा: तीन भोकांचं क्षेत्रफळ १५ चौरस सेंमीच्या आसपास होतं, धुराड्याचं ४४. बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा मोठी असलीच पाहिजे. ज्यांनी धुराडं २५–३० मिमीच्या नळीचं केलं आहे त्यांचा धूर आत रेंगाळणारच. त्यांनी इतर काही करण्याआधी ते बदलावं.

धुराड्यावर झडप असेल तर ती पूर्ण उघडी ठेवून विसरून जा. तापमान खालच्या झडपेनेच सांभाळायचं. वरची झडप मिटली की आग मंदावते खरी, पण शिळा धूर आत कोंडतो आणि बशीवर दिसलेले तपकिरी ठिपके मांसावर उतरतात.

आता कोळसा. भिंतींचं नुकसान, वर जाणारी गरम हवा आणि मांसातलं पाणी उडवायला लागणारी उष्णता धरून अशा पेटीला ११० अंशांवर ठेवायला तासाला १५० ग्रॅमच्या आसपास कोळसा लागतो. दाबलेल्या कोळशाची वडी, म्हणजे ब्रिकेट, साधारण २५ ग्रॅमची असते, म्हणजे तासाला सहा वड्या. उलट कोळसा पेटवायचं मोठं नळकांडं भरलं तर त्यात अडीच किलो, म्हणजे शंभरेक वड्या बसतात. ते पेटवून फ्रिजमध्ये ओतलं की लागणारी उष्णता पंधरा-सोळा पटींनी ओलांडली जाते. त्यानंतर झडपेशी कितीही झटापट केली तरी उपयोग नसतो.

उपाय साखळीचा. पोलादी ताटात वड्या दोन-दोनच्या जोडीने, एकमेकींना टेकवून, नागमोडी ओळीत लावा. ओळींच्या मध्ये ५ सेंमी उंचीची पत्र्याची पट्टी उभी करा, नाहीतर आग शेजारच्या ओळीत उडी मारते आणि एकाच वेळी दोन ठिकाणी जळू लागते. आठ तासांसाठी ५० ते ६० वड्या. एका टोकाला पाच-सहा वड्या पूर्ण पेटवून, करड्या राखेचा थर आल्यावर, चिमट्याने ठेवा. लाकडाचे ५० ते १०० ग्रॅमचे कोरडे तुकडे साखळीवर दर आठ-दहा वड्यांमागे एक, असे मांडा. पहिले तीन-चार तास पुरतील एवढेच ठेवा. एका वेळी एकच तुकडा धुमसला पाहिजे.

जाळीच्या टोपलीची सवय असेल तर २५ × २५ × १५ सेंमीची टोपली, तळापासून ६–७ सेंमी उचललेली, न पेटलेल्या कोळशाने भरा. मध्ये खळगा करून त्यात आठ-दहा पेटत्या वड्या ठेवा. राखेला खाली पडायला जागा नसेल तर चौथ्या-पाचव्या तासाला राख हवेची वाट बुजवते, तापमान घसरतं आणि धूर पुन्हा पांढरा होतो. 'पाच तास छान चाललं, मग बिघडलं' असं असेल तर आधी टोपलीखाली पाहा.

पेटवताना तीनही भोकं उघडी. तापमान ८५–९० अंशांवर आलं की दोन भोकं बंद करा आणि सरकती झडप अर्धी करा. ११० वर पोचल्यावर मिटायला घेतलं तर उशीर झालेला असतो. जाड भिंतींची पेटी १४० वर गेली की उतरायला तास लागतो. झडप हलवली की १५–२० मिनिटं तिला हात लावू नका, परिणाम दिसायला तेवढा वेळ जातो.

मग एक कसोटी लावा. ११० अंश स्थिर असताना सरकती झडप कमीत कमी एक तृतीयांश उघडी राहते का? राहत असेल तर आगीचा आकार बरोबर आहे. पाव भागाहून कमी उघडी ठेवूनही पारा चढतच असेल तर दोनच शक्यता उरतात. पेटलेला कोळसा जास्त आहे, किंवा कुठून तरी चोरून हवा येते आहे. पहिल्या बाबतीत चिमट्याने तीन-चार पेटत्या वड्या काढून झाकणाच्या लोखंडी बादलीत टाका आणि झडप पुन्हा उघडा. धूर काही मिनिटांत पातळ होतो.

फक्त लाकडावर धुरी द्यायची असेल तर आग फ्रिजच्या आत ठेवू नका. लाकडाची स्वच्छ जळणारी लहानात लहान आगही या पेटीला जास्त होते. बाहेर वेगळी भट्टी करून १००–१५० मिमीच्या नळीने धूर आणा. जास्तीची उष्णता भट्टीच्या पत्र्यातून आणि नळीतून निघून जाते.

विजेवर चालणारा फ्रिज: इथे तक्रार उलटी असते

हॉटप्लेटवर ढलप्यांची ताटली ठेवलेली असते. पहिली वीस मिनिटं भरपूर धूर, पुढे काहीच नाही. कारण पुन्हा तेच, गरजेपेक्षा मोठी उष्णता. १५०० वॅटची प्लेट पेटीला झटकन ११० वर नेते आणि नियंत्रक ती बंद करतो. भिंती उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे प्लेट तासातली पंधरा-वीस मिनिटंच चालू असते. तेवढ्यात ढलप्या जळण्याच्या तापमानाला पोचत नाहीत, नुसत्या भाजून आंबट वाफ सोडतात.

प्लेट ६०० ते ८०० वॅटची घ्या. तापायला वेळ लागेल, पण नंतर ती बराच वेळ चालू राहील. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे धूर आणि उष्णता वेगळी करणं. ३० सेंमी लांब, भोकं पाडलेल्या स्टेनलेस नळीत लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या भरा. एक टोक गॅसच्या टॉर्चने पेटवा, पाच-सात मिनिटं ज्योत राहू द्या, मग फुंकून विझवा. नळी चारेक तास आपल्या आप धुमसते, प्लेट चालू असो वा बंद. मध्येच विझत असेल तर गोळ्यांनी ओल धरली आहे. जाड तव्यावर मंद आचेवर दहा मिनिटं फिरवून घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा. खालचं एक भोक पूर्ण उघडं हवं. विजेच्या पेटीला हवा लागत नाही असं समजून सगळी भोकं बंद केलेली अनेक ठिकाणी दिसतात, आणि नळी तिथेच विझते.

दुसरी तक्रार, हॉटप्लेट मध्येच बंद पडते आणि थंड झाल्यावरच चालू होते. प्लेटच्या आत स्वतःचा थर्मोस्टॅट असतो, आणि तो खोलीतल्या हवेसाठी बनवलेला असतो. ११० अंशांच्या पेटीत तो आपलं काम करून प्लेट तोडतो. फक्त कॉइल आत ठेवा. स्विच आणि जोडण्या बाहेरच्या लोखंडी डबीत आणा आणि तापमान बाहेरच्या पीआयडी नियंत्रकाकडे (तापमान मोजून वीज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाकडे) सोपवा. आतल्या वायरला साधं प्लॅस्टिकचं आवरण चालत नाही. सिलिकॉन आवरणाची वायर १८० अंशांपर्यंत ठीक, कॉइलला लागून काचतंतूंच्या आवरणाची. घन-अवस्था रिले (नियंत्रकाच्या इशाऱ्यावर प्लेटची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) २५ अँपियरचा असेल तरी त्याला उष्णता सोडणारी ॲल्युमिनियमची बैठक हवीच. हे रिले बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतात, म्हणून मालिकेत एक वेगळा उष्णता-कटआउट टाका. फ्रिजचं पूर्ण शरीर धातूचं आहे, त्यामुळे अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा गळती-संरक्षक (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हे ऐच्छिक नाहीत. वायरिंगची खात्री नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पारा १० अंश वर, १० अंश खाली झुलत असेल तर संवेदक कुठे आहे ते पाहा. भिंतीला टेकलेला किंवा कोपऱ्यात लपलेला संवेदक उशिरा तापतो. तो मधल्या जाळीजवळ आणून नियंत्रकाचं स्वयं-जुळणी (ऑटोट्यून) चक्र पुन्हा चालवा.

चोरून येणारी हवा

मूळ रबरी पट्टी उष्णतेने वितळते, ती काढायचीच. तिच्या जागी काचतंतूंचा दोर किंवा नोमेक्सची (उष्णता सोसणाऱ्या कापडाची) पट्टी, अन्नासाठी चालणाऱ्या उच्च-तापमान सिलिकॉनने चिकटवलेली. सिलिकॉन पूर्ण सुकायला २४ तास द्या. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तिथे फट आहे. दाराभोवती दर १० सेंमीवर करून पाहा. रात्री आत टॉर्च ठेवून बाहेरून बघितलं तर जुन्या नळ्यांची, दिव्याची आणि तळातल्या पाणी जायच्या वाटेची विसरलेली भोकंही उजेडात येतात.

सगळ्या फटी सारख्या वाईट नसतात. गरम हवा वर दाबते आणि खालून ओढते, म्हणून दाराच्या वरच्या कडेतून धूर बाहेर झिरपतो आणि खालच्या कडेतून हवा आत शिरते. वरून थोडा धूर निघाल्याने फार बिघडत नाही. खालची फट मात्र झडप बंद असतानाही आगीला हवा पुरवते आणि पारा १६० पर्यंत नेऊ शकते. वेळ कमी असेल तर खालच्या तिसऱ्या भागावर आधी काम करा.

धुराड्यातून मांसावर पडणारे काळे थेंब

मांसावर सगळीकडे थर नसून ठिकठिकाणी काळे डाग असतील तर वर बघा. थंड धुराड्यात वाफ आणि डांबर साचतं आणि नळीच्या आतल्या कडेवर गोळा होतं. थेंब आधी चहाच्या रंगाचा असतो. कडेशी लोंबकळत तो जाड होतो, काळा होतो आणि मग सुटून सरळ खालच्या जाळीवर पडतो. धुराडं छताच्या मधोमध असेल तर हे होणारच. ते बाजूच्या भिंतीत सगळ्यात वरच्या जाळीच्या वर हलवा, किंवा छताखाली ३ सेंमीवर किंचित उतरती पत्र्याची थाळी अडकवा, म्हणजे थेंब कडेला ओघळतील. धुराड्याला बाहेरून दगडी लोकर गुंडाळली तर थेंब मुळात कमी होतात. आणि पेटी रिकामीच तासभर तापू द्या. थंड भिंतींच्या पेटीत मांस ठेवलं की पहिला अर्धा तास भिंतींना घाम सुटतो.

पाण्याच्या ताटाबद्दल दोन शब्द. एक लिटर पाणी उडायला सव्वादोन मेगाज्यूलहून जास्त उष्णता जाते, म्हणजे ७५ ग्रॅम चांगला कोळसा. पारा चढत असेल तर ताट मदत करतं, चढत नसेल तर तेच कारण असतं. घालायचं तर गरम पाणी घाला. ढलप्या भिजवण्याचा मात्र काही उपयोग नाही. पाणी लाकडात जेमतेम एक-दोन मिलिमीटर शिरतं आणि तेवढं उडेपर्यंत फक्त वाफ मिळते. लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं, फळझाडाचं किंवा ओकसारखं कठीण असावं. राळ असलेलं चीड-देवदार, प्लायवूड, रंग दिलेलं किंवा रसायनात मुरवलेलं लाकूड आणि कण्हेरीसारख्या विषारी झाडांची लाकडं वर्ज्य.

चरबी पेटली तर, आणि दार उघडताना

आगीच्या २०–२५ सेंमी वर ३ मिमी जाड पोलादी आडपत्रा हवा, चारी बाजूंनी ४–५ सेंमी जागा सोडून, आणि त्याच्यावर चरबीचं ताट. आडपत्रा नसेल तर चरबी निखाऱ्यांवर पडते. त्या धुराचा कडवटपणा वेगळा असतो, जळक्या तेलासारखा. चरबी पेटलीच तर सगळी भोकं आणि धुराडं बंद करा, विजेचं असेल तर आधी प्लग काढा, दार उघडू नका, पाणी टाकू नका.

कोंडलेल्या आगीवर दार एकदम उघडलं तर आत साचलेले वायू ताजी हवा मिळताच भडकतात. बाजूला उभं राहून दार आधी ३–४ सेंमी उघडा, दहा सेकंद थांबा, मग पूर्ण उघडा. दार उघडायच्या मिनिटभर आधी खालची झडप मिटली तर आत शिरलेल्या हवेने आग फुगत नाही, आणि बंद केल्यावर पारा उसळत नाही. काम झालं की झडप पूर्वीच्या खुणेवर परत आणा. या खुणा झडपेवर छिन्नीने कोरून ठेवलेल्या बऱ्या.

स्मोकर उघड्यावरच चालवा. शेडमध्ये किंवा गॅरेजात, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पारा बरोबर आहे, तरी मांस पुढे सरकत नाही

यात स्मोकरचा दोष नाही. मांसाचं आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कित्येक तास अडकतं, कारण पृष्ठभागावरून उडणारं पाणी त्याला थंड करत राहतं. बंदिस्त, दमट फ्रिजमध्ये हे थांबणं उघड्या पत्र्याच्या स्मोकरपेक्षा सहसा सौम्य असतं. आग वाढवू नका. घाई असेल तर मांस जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळा. कोंबडी ७४ अंशांना तयार. डुकराचा खांदा सुटा व्हायला ९० ते ९५ लागतात, तोपर्यंत त्यातले चिवट कोलॅजनचे धागे विरघळत नाहीत. मांस ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात चार तासांहून जास्त राहता कामा नये. मोठा तुकडा चार तासांत ६० पार करत नसेल तर पेटी खरोखरच थंड चालते आहे.

३० अंशांखालची थंड धुरी हे वेगळं काम आहे. त्यात मांस शिजत नाही. मीठ-नायट्राइटने योग्य प्रमाणात मुरवल्याशिवाय केलं तर हवा कमी असलेल्या पेटीत बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना आयतीच जागा मिळते. गरम धुरीचे वरचे आकडे तिथे लावू नका.

विझवल्यानंतर

सगळी भोकं बंद केली तरी जाड भिंतींच्या पेटीत निखारे दुसऱ्या सकाळपर्यंत धगधगत असू शकतात. राख किमान २४ तासांनी काढा आणि झाकणाच्या लोखंडी बादलीतच टाका. मात्र आत सोडून देऊ नका. राख हवेतली ओल ओढते, ती क्षारयुक्त असते आणि तळाचा पत्रा काही महिन्यांत खाते. चरबीचं ताट त्याच दिवशी रिकामं करा. भिंतींवरचा पातळ तपकिरी थर राहू द्या, तो गंजापासून वाचवतो. पापुद्रे सुटायला लागले तर खरवडा, कारण ते मांसावर पडतात. महिनाभर वापर नसेल तर झडप आणि धुराडं उघडं ठेवून वर टोपी बसवा. बंद पेटीत ओल राहिली की जाळ्यांवर पांढरी-हिरवी बुरशी येते. ती दिसली तर मांस न ठेवता पेटी १५० अंशांवर तासभर चालवा, थंड झाल्यावर जाळ्या गरम साबणाच्या पाण्याने घासा, आणि मग पुन्हा अर्धा तास रिकामी तापवून कोरडी करा.